केसांचा ब्रश धुतला तरी आठवड्याभरात परत राखाडी थर? चूक धुण्यात नसते, धुण्याआधी असते

ब्रश धुतला, वाळवला, जागेवर ठेवला. चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी दात्यांच्या बुडाशी पुन्हा तोच राखाडी, लोकरीसारखा थर. आठवडा संपता संपता अशी वेळ येते की नुकत्याच धुतलेल्या केसांवरून ब्रश फिरवला तर केस मुळाशी चपटे आणि तेलकट होतात. मी दोन वर्षं तरी याच चक्रात होते. दर वेळी वाटायचं, धुण्यात कमी पडलं. मग पाणी आणखी गरम, सोडा आणखी जास्त, भिजत ठेवायची वेळ आणखी लांब. त्यात एक चांगला लाकडी ब्रश हातचा गेला. रात्रभर बादलीत राहिला आणि सकाळी मुठीजवळ चीर पडलेली, रबराची गादी एका बाजूने सुटलेली. थर मात्र गादीवर होता तसाच होता.

त्या दिवशी मी तो थर चिमट्याने उचलून पांढऱ्या कागदावर पसरला आणि पहिल्यांदा नीट पाहिला. माझा प्रश्न तिथे सुटायला लागला, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

हा थर असतो कशाचा

आपण त्याला धूळ म्हणतो. धूळ त्यात असते, पण थोडी. मी पसरलेल्या पुंजक्यात चार गोष्टी वेगवेगळ्या दिसल्या: बारीक तुटलेले केस, पांढरट भुसा, कापडाचे तंतू, आणि या सगळ्यांना धरून ठेवणारा तेलकटपणा.

पांढरा भुसा म्हणजे टाळूची मेलेली त्वचा. कोंडा नसलेल्या माणसाच्याही टाळूवरच्या मृत पेशी सतत झडत असतात. तेलकटपणा येतो टाळूत तयार होणाऱ्या तेलातून. या तेलात स्क्वालीन नावाचा एक घटक असतो आणि हवेतल्या ऑक्सिजनमुळे तो लवकर बिघडतो. जुन्या ब्रशला नाकाजवळ नेल्यावर येणारा खवट वास बराचसा अशा बिघडलेल्या तेलाचा. याशिवाय केसांना आपण जे जे लावतो, स्प्रे, सीरम, कोरडा शाम्पू, त्या सगळ्याचा थोडाथोडा अंश ब्रशवर राहतो.

पण हे सगळं दात्यांच्या मध्ये टिकून कसं राहतं? गळलेल्या केसांमुळे. माणसाचे रोज साधारण ५० ते १०० केस गळतात आणि विंचरताना त्यातले बरेच ब्रशमध्ये अडकतात. एक केस एका दात्याला वळसा घालतो, दुसरा दोन दात्यांमधून आडवा जातो, तिसरा त्या दोघांत गुंततो. दोन-तीन दिवसांत दात्यांच्या बुडाशी चक्क जाळं विणलं जातं. भुसा, तंतू, तेल त्या जाळ्यात अडकतं आणि पुढच्या प्रत्येक विंचरण्यासरशी आणखी खोल दाबलं जातं.

म्हणजे मळ येणं आपल्या हातात नाही. जाळं होऊ द्यायचं की नाही, हे मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे. ब्रश किती जोरात धुतला यापेक्षा हे जाळं किती दिवस राहिलं, यावर थर किती लवकर परतेल ते ठरतं.

आधी परीक्षा, मग उपाय

सगळ्यांचा ब्रश एकाच कारणाने खराब होत नाही. पांढरा टिश्यू पेपर घ्या, घडी घालून दात्यांच्या दोन ओळींमधून बुडाशी टेकवत ओढा आणि उजेडात धरा.

कागदावर नुसता राखाडी, कोरडा भुसा आला तर तुमचा प्रश्न जाळ्याचा आहे. कागद जागोजागी पारदर्शक झाला, तळणीच्या कागदासारखा, तर तेल साचलंय. कागद अडकतो, फाटतो, चिकटतो असं झालं तर स्प्रे किंवा जेल वाळून बसलंय. आणि पिठासारखी पांढरी भुकटी उडाली तर कोरडा शाम्पू. बहुतेकांच्या ब्रशवर यातलं दोन-तीन प्रकारचं एकत्र निघतं, तरी सर्वांत जास्त काय आहे ते कळतं. त्यानंतर गादी दोन बोटांनी दाबून वास घ्या. कुबट, ओलसर वास आला तर तो वेगळा प्रश्न आहे, त्याबद्दल पुढे लिहिलंय.

पाणी लावायची घाई

माझी मुख्य चूक ही होती. वरवरचे केस ओढून काढायचे आणि ब्रश थेट गरम पाण्यात. आपल्याला वाटतं, भिजल्यावर मळ सुटेल. होतं उलटंच. केसाच्या पृष्ठभागावर कौलांसारखे एकावर एक खवले असतात, सगळे टोकाच्या दिशेने. ओले केस एकमेकांवर घासले गेले की हे खवले परस्परांत अडकतात आणि गुंता घट्ट होत जातो. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात चोळून धुतला तर तो आटून जाड होतो, त्यामागे हीच गोष्ट आहे. ब्रशमधलं सैल जाळं ओलं करून वरून टूथब्रशने घासणं म्हणजे गादीवर आपल्या हाताने घोंगडी तयार करणं. ती वाळल्यावर दात्यांना अशी आवळून बसते की नंतर कात्रीशिवाय निघत नाही. शिवाय धुतल्यावर ब्रश वरवर स्वच्छ दिसतो, पण बुडाशी घट्ट पाया तयार असतो. नवा मळ त्यावर चढायला वेळ लागत नाही. चार दिवसांत थर परत येण्याचं कारण हेच.

म्हणून पहिलं काम पूर्ण कोरडं. यात घाई करू नका. पहिल्यांदा अर्धा तास लागला तरी लागू द्या, पुढे पाच मिनिटांत होईल.

शेपटीच्या कंगव्याचं टोक घ्या. ते नसेल तर क्रोशाची सुई उत्तम, तिचा आकडा केस अलगद पकडतो. टोक दात्यांच्या ओळीत बुडाशी घाला आणि वर उचला. आडवं ओढू नका, आडव्या ओढीने दाते वाकतात आणि गादीतली त्यांची भोकं सैल होतात. सुरुवात कडेच्या ओळीपासून करा, मग आत या. जाळं सुटलं की पुष्कळदा अख्खा पापुद्रा एकाच तुकड्यात वर येतो. तो तसा यावा यासाठी एक करा: विंचरताना केस ज्या दिशेने ओढले जातात, त्याच्या विरुद्ध टोकाकडून उचलायला घ्या.

पापुद्रा निघाल्यावर दात्यांच्या मुळाशी बारीक कडी उरते, केसाच्या एक-दोन वेढ्यांची. ती सोडू नका. ही कडी म्हणजे पुढच्या जाळ्याची पहिली गाठ. टोकदार चिमट्याने किंवा टाचणीने एकेक सोडवावी लागते. काम कंटाळवाणं आहे, पण दोन वर्षं जे धुण्याने झालं नाही ते माझ्याकडे या एका कामाने झालं. शेवटी ब्रश उलटा धरून कोरड्या टूथब्रशने ओळीओळीने भुसा झाडून टाका.

गोल ब्रशचं थोडं वेगळं. त्यात केस दात्यांभोवती कमी आणि नळीभोवती जास्त गुंडाळले जातात, त्यामुळे उचलून निघत नाहीत. माझी धाकटी बहीण तिचा गोल ब्रश टाकायलाच निघाली होती. "ताई, हा आता ब्रश नाही, लोकरीचा गुंडा झालाय," म्हणाली. छोट्या कात्रीने दोन ओळींच्या मधून, नळीच्या लांबीने, मुठीपासून टोकापर्यंत एक सरळ काप घेतला. तसे तीन-चार काप दिले की गुंडाळी तुटते आणि कंगव्याने हाताभर केस सहज बाहेर येतात. फक्त कात्री दात्यांना लागू देऊ नका.

आता धुणं, ब्रशच्या जातीप्रमाणे

सबंध प्लास्टिकचा ब्रश किंवा कंगवा असेल तर सोपं आहे. कोमट पाणी, त्यात चमचाभर शाम्पू, दहा मिनिटं बुडवून ठेवा, टूथब्रशने घासा, खळबळून घ्या. उकळतं पाणी नको, दाते वाकतात आणि परत सरळ होत नाहीत.

रबराची गादी असलेला ब्रश कधीच पूर्ण बुडवायचा नाही. त्या गादीला बहुतेक वेळा एक बारीक भोक असतं, दाबल्यावर आतली हवा बाहेर जावी म्हणून. बुडवला की त्याच भोकातून पाणी आत शिरतं. हवा झटकन बाहेर येते, पाणी येत नाही. उथळ ताटलीत बोटभर शाम्पूचं पाणी घ्या, ब्रश पालथा धरा आणि फक्त दाते बुडवून हलवा. गादीचा पृष्ठभाग ओल्या टूथब्रशने पुसल्यासारखा घासा. फेस काढतानाही ब्रश पालथाच ठेवा, म्हणजे पाणी गादीकडे न जाता दात्यांच्या टोकांवरून खाली निथळतं.

लाकडी मूठ असेल तर भिजवणं बंदच. लाकूड पाणी पिऊन फुगतं, वाळताना आकसतं, आणि हे असमान झालं की चीर पडते. माझ्या ब्रशचं तेच झालं. ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरड्या फडक्याने पुसलं की पुरे.

रानडुकराच्या राठ केसांचा ब्रश असेल तर एकच लक्षात ठेवा: ते केस आहेत, आपल्या केसांसारखेच केराटिन या प्रथिनाचे. आपल्या डोक्याला जे लावणार नाही ते त्यांनाही लावू नका. ब्लीच तर त्यांना अक्षरशः विरघळवतं. खायचा सोडा अल्कधर्मी असतो, त्याच्या पाण्यात हे केस फुगतात, त्यांचे खवले उघडतात आणि ते मऊ-ठिसूळ होतात. त्यांना थोडा शाम्पू, कोमट पाणी, इतकंच पुरतं.

सोड्याचा विषय निघालाच आहे तर एक गैरसमज. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फसफसणारं पाणी बनवायची पद्धत बरेच जण सांगतात. फसफस दिसायला छान असते, पण आम्ल आणि अल्क एकमेकांना मारतात. फेस बसल्यावर भांड्यात जवळजवळ फक्त मिठासारखं क्षाराचं पाणी उरतं. तेल काढायचं काम शाम्पू करतो, कारण तो बनलाच आहे टाळूचं तेल काढण्यासाठी. केसांना भरपूर तेल लावत असाल आणि कागद पारदर्शक झाला असेल तर शाम्पूऐवजी भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब घ्या. खोबरेल लावणाऱ्यांनी पाणी कोमट आहे ना ते पाहा, कारण खोबरेल साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली थिजतं आणि गार पाण्यात दात्यांवर मेणासारखं बसून राहतं.

अंगाचा साबण वापरत असाल आणि पाणी जड असेल तर धुतल्यावर दात्यांवर पांढरट, चिकट पुट राहील. जड पाण्यातल्या कॅल्शियमशी साबणाचा संयोग होऊन ती साय तयार होते. शाम्पूचं तसं होत नाही. आधीच पुट बसलं असेल तर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून दाते पुसा, इथे व्हिनेगर खरंच उपयोगी पडतं. धातूच्या दात्यांना मात्र ते जास्त वेळ लागू देऊ नका.

धुतल्यावर कुबट वास येतो

याचं कारण जवळजवळ नेहमी गादीत अडकलेलं पाणी. गादी दाबल्यावर भोकातून बुडबुडा किंवा थेंब येतो का पाहा. येत असेल तर भोक खाली राहील असा ब्रश धरून गादी हलक्या हाताने पंधरा-वीस वेळा दाबा, टिश्यूने टिपत राहा, मग दाते खाली करून कोरड्या टॉवेलवर ठेवा. पालथा ठेवणं महत्त्वाचं आहे. दाते वर करून ठेवला की उरलेलं पाणी गादीच्या सांध्यात आणि मुठीच्या लाकडात उतरतं. दोन चमचे मुठीखाली देऊन कड टॉवेलपासून थोडी उचलली तर खालून हवा खेळते. एक रात्र पुरत नाही, पूर्ण दिवस द्या. पंख्याखाली चालेल.

उन्हात ठेवू नका. वास जाईल असं वाटतं खरं, पण उन्हाने रबर कडक होतं आणि त्याला बारीक तडे जातात. त्या तड्यांतून पुढच्या वेळी आणखी पाणी आत जातं. हेअर ड्रायरची गरम हवाही नको, गादी ज्या गोंदाने बसवलेली असते तो मऊ पडतो.

इतकं करूनही आठवड्याने वास येत असेल, किंवा भोकाभोवती काळे ठिपके दिसत असतील, तर आत बुरशी धरली आहे. तिथवर हात पोचत नाही. तो ब्रश मी ठेवत नाही.

सगळं केलं तरी दाते चिकटच

इथे बहुधा हेअर स्प्रे. तो म्हणजे केसांवर वाळून कडक होणारं एक प्रकारचं प्लास्टिक, आणि अल्कोहोलमध्ये ते सहज विरघळतं. कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन, ७० टक्क्यांचं चालतं, एकेक ओळ पुसली की चिकटा निघतो. गोल धातूच्या ब्रशवर ड्रायरच्या उष्णतेने स्प्रे भाजून पिवळा पडलेला असतो, तिथे भिजलेला बोळा मिनिटभर दाबून ठेवावा लागतो. पारदर्शक, काचेसारख्या ॲक्रिलिकच्या ब्रशला अल्कोहोल लावू नका, त्याला आतून जाळीसारखे तडे जातात. नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन कुठल्याच प्लास्टिकच्या ब्रशला नको.

सीरममधलं सिलिकॉन पाण्याने हलत नाही. त्याला भांड्यांचं लिक्विड, कोमट पाणी आणि दोन वेळा धुणं लागतं.

कोरड्या शाम्पूची गंमत वेगळी. त्यात बहुतेकदा स्टार्च असतो, तांदळाचा किंवा मक्याचा. गरम पाणी पडलं की स्टार्चची खळ होते, आणि ती वाळली की खरोखरच डिंकासारखी चिकटते. भुकटी कोरडी असतानाच झाडून टाका, मग गार पाण्याने धुवा.

टाळू खाजते, उवा झाल्यात, तेव्हा

ही वेळ थराची नाही, ब्रश संसर्ग पसरवतोय का ही आहे. उवा डोक्यावरून उतरल्या की एक-दोन दिवसांपेक्षा जास्त जगत नाहीत. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेचा सल्ला असा की ब्रश-कंगवे किमान ५४ अंश सेल्सिअस पाण्यात ५ ते १० मिनिटं बुडवून ठेवावेत. प्लास्टिकच्या कंगव्याला हे सहज जमतं. लाकडी किंवा गादीचा ब्रश पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे बाजूला ठेवा.

टाळूवर गोल चट्टे पडून केस तुटत असतील तर आधी त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. टाळूचं गजकर्ण ब्रशवरून एकाचं दुसऱ्याला होतं आणि त्या बुरशीचे बीजाणू महिनोन्महिने तग धरतात. उपचार चालू असताना जुनाच ब्रश वापरला तर बरा होत आलेला माणूस पुन्हा तिथेच. अशा वेळी गादीचा किंवा लाकडी ब्रश वाचवत बसू नका, टाकून द्या. घरात प्रत्येकाचा ब्रश वेगळा असावा, तोही याचसाठी.

तरीही चार दिवसांत परत?

माझ्या पुंजक्यातले तंतू निळसर होते, ही गोष्ट मला फार उशिरा खटकली. केस काळे, ब्रश तपकिरी, मग निळं कुठून? केस गुंडाळायचा टॉवेल निळा होता. नवा, जाड, सुती. ओले केस त्यात करकचून गुंडाळले आणि चोळले की टॉवेलचे तंतू केसांवर येतात आणि तिथून ब्रशमध्ये. टॉवेलऐवजी मऊ जुना सुती कपडा वापरायला लागले आणि चोळण्याऐवजी टिपायला लागले, तेव्हा थर निम्म्याहून कमी झाला. तुमच्या पुंजक्याचा रंग पाहा आणि त्या रंगाचं कापड शोधा. उशीचा अभ्रा असेल, लोकरीची टोपी असेल.

दुसरं म्हणजे ब्रश ठेवायची जागा. न्हाणीघरातल्या उघड्या फळीवर ओल आणि कपड्यांची धूळ दोन्ही बसते. माझा ब्रश आता कपाटाच्या दाराआड टांगलेला असतो. पिशवीत किंवा बंद डब्यात ठेवू नका, पूर्ण वाळलेला नसेल तर कुबटतो.

आणि रोजचं काम: विंचरून झालं की त्याच क्षणी, ब्रश हातातून खाली ठेवण्याआधी, बोटांनी गुंतवळ काढणं. ताजे केस सैल असतात, दहा सेकंदांत निघतात. हे केलं तर कोरडी सफाई आठवड्यातून एकदा आणि धुणं महिन्यातून एक-दोनदा पुरतं. स्प्रे किंवा तेल रोज लावणाऱ्यांनी दर आठवड्याला धुवावा.

ब्रश केव्हा सोडून द्यायचा

दात्यांच्या टोकांवरचे गोल मणी बोटाने चाचपून पाहा. मणी गेलेला दाता टाळूला ओरखडतो आणि केसांना तोडतो. एखादाच असेल तर तो दाता बुडापासून कापून टाका, चार-पाच गेले असतील तर नवा घ्या. धातूच्या दात्यावर गंज आला की तो पुसून थांबत नाही. गादी चिकट, मऊसर लागत असेल तर तिने तेल शोषलंय. नैसर्गिक रबर तेलाने फुगतं आणि परत मूळ रूपात येत नाही.

नवा घेताना आधी एवढंच पाहा की तो साफ कसा होणार. दाते विरळ आहेत का, ओळींमधून कंगव्याचं टोक जातं का, गादी काढून वेगळी धुता येते का. हा प्रश्न आजचा नाही. १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये केशरचनेचं काम करणाऱ्या लायडा न्यूमन यांनी ब्रशचं पेटंट घेतलं. त्यात दात्यांच्या ओळींमध्ये फटी होत्या, मळ त्या फटींतून मागच्या पोकळ कप्प्यात जायचा आणि कप्पा उघडून साफ करता यायचा. रोज लोकांचे केस हाताळणाऱ्या बाईला मळ अडतो कुठे ते ठाऊक होतं. दुकानात ब्रश हातात घेतलात की मागची बाजू आणि दात्यांची बुडं पाहा. तिथे बोट किंवा कंगव्याचं टोक पोचत नसेल तर तो ब्रश परत ठेवा.